समुद्रफुलाची राखण

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी टँकच्या काचेवरची रेघ बघते. निळ्या मार्करने ओढलेली, बोटभर लांब. रात्रीतून पाणी तिच्याखाली किती उतरलं ते बघायचं आणि तेवढं आरओचं गोडं पाणी धार धरून हळूहळू ओतायचं. हिवाळ्यात लिटरभर लागतं, मे महिन्यात त्याच्या दुप्पट. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये गोडं पाणी कशाला, असं घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. उतरलेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालत राहिलं, तर टँक दिवसागणिक जास्त खारट होत जाईल.

ही गोष्ट मला कुणी शिकवावी लागली नाही. माझा आजा उरणकडे मिठागरावर राबला. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हावर आटवायचं आणि मीठ धरलं की ओढून ढीग लावायचा. या आगरांवरूनच आम्हा आगऱ्यांना आमचं नाव मिळालं. आज्याचं सगळं कसब समुद्राचं पाणी आटवण्यात होतं. माझ्या रोजच्या सकाळी ते आटू न देण्यात जातात. कारण त्या पाण्यात, दगडाच्या एका कपारीत पाय रोवून, माझं समुद्रफूल बसलेलं आहे.

समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोन. नावात फूल असलं तरी हा प्राणी आहे, प्रवाळांचा आणि जेलीफिशचा सख्खा नातलग. माझ्याकडचं आहे ते बबल टिप जातीचं. तपकिरी, टोकांना गुलाबी झाक, आणि प्रत्येक शुंडकाचं टोक भिजलेल्या मनुक्यासारखं फुगलेलं. दिवे लागले की ते ताटलीएवढं पसरतं, रात्री मुठीएवढं होतं. त्याच्याकडे बघत बसण्यात माझे किती तास गेले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण त्याला जगवण्यासाठी काय काय लागतं याचा हिशेब मात्र वहीत तारखेनिशी आहे. तो मांडण्याआधी एका बरणीची गोष्ट सांगायला हवी.

एडिंबरातली आजी

१८२८ साली सर जॉन ग्रॅहॅम डॅलिएल या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने नॉर्थ बेरिकच्या खडकाळ किनाऱ्यावरून एक लाल समुद्रफूल उचललं आणि एडिंबरातल्या आपल्या घरी काचेच्या बरणीत ठेवलं. पंप नव्हता, दिवा नव्हता, थर्मामीटरसुद्धा असेल-नसेल. होतं ते एवढंच: समुद्राचं पाणी वेळच्या वेळी बदलायचं आणि पंधरा दिवसांतून एकदा शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा द्यायचा. १८५१ साली डॅलिएल गेले. समुद्रफूल जिवंत होतं. ते एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेलं आणि शेवटी एडिंबरातल्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये पोचलं. तोवर लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी म्हणू लागले होते. तिला शेकडो पिल्लं झाली. १८५७ साली तर एका रात्रीत दोनशेहून जास्त. ही जात पिल्लं पोटात वाढवते आणि तोंडातून बाहेर सोडते. लोक तिला बघायला येत. ऑगस्ट १८८७ मध्ये ती मेली, तेव्हा बरणीत येऊन तिला ५९ वर्षं झाली होती. वर्तमानपत्रांनी तिच्या मृत्यूची बातमी छापली.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तिच्या वयापेक्षा तिच्या माणसांचं जास्त वाटलं. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना कुणीतरी सांगितलं असेल, पाणी कधी बदलायचं, तुकडा केवढा द्यायचा. आणि पुढच्याने ते पाळलं. साठ वर्षांत एकानेही टाळाटाळ केली असती तर गोष्ट तिथेच संपली असती.

पण या गोष्टीतून एक चुकीचा धडाही घेता येतो, की समुद्रफूल बरणीतसुद्धा जगतं. आजीची जात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली. दिवसातून दोनदा पाणी ओसरतं, तेव्हा ती शुंडकं आत घेऊन लाल जेलीच्या गोळ्यासारखी खडकाला चिकटून राहते. ऊन, थंडी, पाऊस, पाण्याच्या खारटपणातला चढउतार सगळं तिने सोसलेलं. तिच्या शरीरात शेवाळ नसतं, म्हणून उजेडावाचून तिचं अडत नाही. आपल्याकडे लोक हौसेने आणतात ती क्लाउनफिशची समुद्रफुलं मात्र प्रवाळांच्या परिसरातली. तिथलं पाणी वर्षभर जवळपास एकसारखं असतं. उजेडाचं तर त्यांच्या पोटाशी नातं आहे.

पोटात शेती

समुद्रफुलाच्या शरीराची रचना अगदी थोडक्यात सांगून होते. खाली पाय, म्हणजे चिकटून बसायची तबकडी. मधे खोड. वर तबकडीच्या मधोमध तोंड आणि भोवती शुंडकं. मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही. चेतातंतूंचं जाळं सगळीकडे पसरलेलं. अन्न आत जातं ते तोंडातून आणि उरलेला चोथा बाहेर येतो तोही तिथूनच. शुंडकांवर असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येकीत गुंडाळी केलेला एक बारीक धागा. काही टेकलं की सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात तो सुटतो आणि भक्ष्यात विष सोडतो. टँकमध्ये हात घातला आणि शुंडक बोटाला लागलं, तर आपल्याला चिकटपट्टी ओढल्यासारखं वाटतं. चिकटपणा हीच त्याच्या तब्येतीची पहिली खूण.

याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. या जातींच्या पेशींमध्ये सूक्ष्म एकपेशीय शेवाळ राहतं. समुद्रफूल त्याला आसरा देतं, आपला टाकाऊ कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन देतं. शेवाळ उजेडावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. तपकिरी रंग त्या शेवाळाचाच. पाणी फार तापलं किंवा उजेड कमी पडला की हा संसार मोडतो. शेवाळ बाहेर पडतं आणि समुद्रफूल पांढरंफटक होतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापल्यामुळे लक्षद्वीपचे प्रवाळ असेच पांढरे पडले. दुकानात कधी शुभ्र किंवा लिंबासारखं पिवळं समुद्रफूल दिसलं आणि ते सुंदर वाटलं, तर थांबावं. शुभ्र असेल तर ते उपाशी आहे. भडक पिवळं किंवा जांभळं असेल तर बहुधा रंगवलेलं, आणि रंगाखाली तेही उपाशीच.

पहिलं कसं गेलं

माझं पहिलं समुद्रफूल अकरा दिवस जगलं. टँक सुरू करून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. भाचीने ‘फाइंडिंग नीमो’ पाहिला होता, तिला क्लाउनफिश हवे होते आणि क्लाउनफिशला त्याचं घर हवं, असा माझा समज. दुकानदार म्हणाला, “ताई, बिनधास्त न्या, पाणी एकदम क्लिअर आहे ना तुमचं?” पाणी क्लिअर होतं. टँकमध्ये सोडल्यावर पहिल्या दिवशी ते छान फुललं. तिसऱ्या दिवशी चालायला लागलं.

होय, समुद्रफूल चालतं. पायाची तबकडी थोडी उचलत, थोडी सरकवत ते रात्रीतून हातभर अंतर जातं. जागा मानवली नाही, प्रवाह जास्त-कमी वाटला, उजेड पुरला नाही की ते नवी जागा शोधायला निघतं. माझं काचेवर चढलं, मागच्या बाजूला गेलं, परत आलं. त्याचं तोंड सैल पडून उघडं राहायला लागलं, ते मला दिसत होतं, कळत नव्हतं. अकराव्या रात्री ते लाटा करणाऱ्या पंपाच्या जाळीत ओढलं गेलं. सकाळी दार उघडताच खोलीत वास होता. पाणी दुधाळ झालेलं आणि दोन्ही मासे वर येऊन धापा टाकत होते. मेलेलं समुद्रफूल फार झपाट्याने कुजतं आणि छोट्या टँकमध्ये आपल्यामागून सगळ्यांना घेऊन जातं. त्या दिवशी मी निम्मं पाणी बदललं. एक मासा वाचला.

भाचीने विचारलं, “त्याला दुखलं का?” मला उत्तर देता आलं नाही.

पुढे दादरच्या एका काकांशी ओळख झाली. बँकेतून निवृत्त झालेले, पंचवीस वर्षं खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळणारे. मी त्यांना लाइट कुठला, पंप कुठला असं विचारत होते. त्यांनी उलट विचारलं, “पोरी, टँकचं वय किती होतं?” मी सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाणी स्वच्छ असणं वेगळं आणि पाणी पिकलेलं असणं वेगळं.”

पिकलेलं पाणी म्हणजे काय, ते समजायला मला वर्ष लागलं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. तो विषारी. सच्छिद्र दगडांवर आणि वाळूत वस्ती करणारे एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या गटाचे त्याचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात चालतं. ही साखळी बसायला साधारण महिना-दीड महिना जातो आणि तेवढ्यावर मासा तग धरू शकतो. समुद्रफुलाला त्यापुढचं हवं असतं: दगडांवर गुलाबी-जांभळा खरपुडीसारखा थर चढलेला, हिरवं-तपकिरी शेवाळ येऊन ओसरलेलं, आकडे आठवड्यामागून आठवडे जागचे न हललेले. त्याला सहा महिने लागतात, वर्ष लागलं तर आणखी चांगलं. काकांनी मला वही घालायला सांगितली. नऊ महिने मी रिकाम्या दगडांच्या टँकचे आकडे लिहीत होते. शेजारणीला ते वेड वाटलं असेल. तो एक मासा मात्र गोल गोल फिरत मोठा झाला.

आकडे आणि त्यांच्यामागचं

वहीतले आकडे असे. खारटपणा दर किलो पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ ते १.०२६. तापमान २५ ते २७ अंश. पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आत. खरं तर आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं जास्त मोलाचं. समुद्रफुलाला त्वचेची ढाल नाही, पाणी हेच त्याचं अंतरंग. खारटपणा एका दिवसात वरखाली झाला तर त्याच्या पेशीपेशीला ते सोसावं लागतं. म्हणून ती काचेवरची रेघ.

पाणी आरओचं हवं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, शिवाय जुन्या पाइपांतून तांबं येऊ शकतं. तांब्याशी या प्राण्याचं वैर आहे. माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर जी औषधं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच औषधांत तांबंच असतं. मासा बरा होतो, समुद्रफूल मरतं. आजारी मासा वेगळ्या टँकमध्ये काढूनच त्याला औषध द्यायचं, हा नियम कधी मोडू नये.

आपल्याकडची खरी परीक्षा मे महिन्यात. खोलीत ३३ अंश असतात, त्यात दिवे आणि पंप पाणी आणखी तापवतात. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण रेघेखालचं पाणी तेवढंच झपाट्याने जातं. ज्याला जमेल त्याने चिलर घ्यावा. ज्याला जमणार नाही त्याने आपल्या घराचा उन्हाळा आधी थर्मामीटरने मोजावा आणि मग ठरवावं. वीज गेली की पाण्यातला प्राणवायू उतरायला लागतो. बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप कपाटात तयार असला तर ती रात्र निभावते.

उजेड रोज आठ-दहा तास, आणि तो भरपूर. नवं समुद्रफूल आणल्यावर दिवे पहिल्या दिवसापासून पूर्ण लावायचे नाहीत. उन्हात न गेलेल्या माणसाला एकदम मे महिन्यात शेतावर उभं करण्यासारखं होईल ते. आठवड्या-आठवड्याने वाढवायचे. पंपांच्या तोंडांवर जाळीदार स्पंज बांधायचा. माझ्या घरी आता एकही उघडा पंप नाही.

जागा मात्र त्यालाच ठरवू द्यायची. बबल टिपला पाय लपवायला कपार हवी आणि शुंडकं उजेडात हवी. दगड असे रचायचे की अशा दोन-तीन कपारी त्याला मिळतील. एकदा पाय धरला की त्याला ओढायचं नाही. पाय फाटला तर जखम भरून येईलच असं नाही. विकत घेतानाही आधी पाय बघायचा, मग तोंड. पाय अखंड, तोंड घट्ट मिटलेलं, शुंडकं चिकट. या तीन गोष्टी नसतील तर रंग कितीही देखणा असो, रिकाम्या हाताने घरी यावं.

खाणं आठवड्यातून एकदा. मी बाजारातली ताजी कोळंबी सोलून, धुऊन, वाटाण्याएवढा तुकडा कापते आणि लांब चिमट्याने शुंडकांवर टेकवते. क्षणभर काहीच होत नाही. मग जिथे तुकडा टेकला तिथली शुंडकं आखडतात, शेजारची वाकतात, आणि सगळी तबकडी हळूहळू मुठीसारखी आत वळते. मधली चीर रुंद होते, तुकडा दिसेनासा होतो. दहा मिनिटं तरी जातात. मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी तो न पचता बाहेर पडतो आणि पाणी नासवतो. फार खायला घालणं ही माया नव्हे. आजीला पंधरा दिवसांतून एक तुकडा मिळत होता.

ते येतं कुठून

जगात सुमारे तीस जातींचे क्लाउनफिश आहेत आणि त्यांना घर देणाऱ्या समुद्रफुलांच्या जाती फक्त दहा. निसर्गात नीमोचा भाऊबंद बबल टिपमध्ये राहतच नाही. टँकमध्ये दुसरं काही नसल्यावर तो त्यात रमतो. शिवाय टँकमध्ये क्लाउनफिशला समुद्रफूल लागत नाही. समुद्रात त्याला शत्रूंपासून आसरा हवा असतो, घरात शत्रू नसतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर तो पहिला जीव माझ्याकडे आलाच नसता.

मासा आता हॅचरीत वाढवता येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने अनेक जातींचे क्लाउनफिश पैदा केले आहेत आणि आपल्या ऐरोलीतही मँग्रोव्ह फाउंडेशनच्या पुढाकाराने ते काम झालं आहे. समुद्रफुलाचं तसं नाही. बाजारातली बहुतेक समुद्रफुलं अजून समुद्रातूनच उचललेली असतात. ती सावकाश वाढतात, फार वर्षं जगतात, म्हणून एक उचललं की ती जागा लवकर भरत नाही. फिलिपिन्समधल्या सेबूभोवती अभ्यासकांना हेच दिसलं: जिथे उपसा जास्त तिथे समुद्रफुलंही विरळ आणि त्यांच्यातले मासेही.

हा घोटाळा नवा नाही. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८५४ साली लिहिलेल्या ‘द अक्वेरियम’ या पुस्तकाने घरोघरी काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं. पुढे त्यांनी ब्रिटनच्या समुद्रफुलांवर मोठा ग्रंथ लिहिला. ज्यांच्या प्रेमापोटी त्यांनी लिहिलं, त्याच खडकांवर हौशी लोक छिन्न्या घेऊन तुटून पडले. गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली वडिलांच्या आठवणी लिहिताना ते उजाड झालेले डबरे कळवळून नोंदवले आहेत.

आपल्याकडच्या किनाऱ्यावरही समुद्रफुलं आहेत. हाजीअलीच्या खडकांत मोठी ओहोटी लागली की डबऱ्यांमध्ये ती दिसतात, शेजारी प्रवाळ, गोगलगाई, खेकडे. २०१७ पासून ‘मरीन लाईफ ऑफ मुंबई’ची माणसं लोकांना अशा ओहोटीच्या फेऱ्यांना नेतात. अशाच एका फेरीत मी भाचीला नेलं. तिने बोट पुढे केलं आणि आपणच मागे घेतलं. घरच्यापेक्षा ते लहान होतं, मातकट होतं, पण त्याचं पाणी त्याला समुद्र रोज दोनदा आणून देत होता. तिथलं काहीही घरी आणू नये. प्रवाळ तर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते उचलणं गुन्हा आहे. समुद्रफूल हवंच असेल तर कुणाच्या तरी टँकमध्ये दुभंगलेलं घ्यावं.

दुभंगणं

दुसरं समुद्रफूल मला काकांनीच दिलं, त्यांच्या टँकमध्ये झालेलं. वही बघून दिलं. ते माझ्याकडे येऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ते लांबट झालेलं दिसलं, पायही दोन दिशांना ताणलेला. मी घाबरून काकांना फोन केला. ते म्हणाले, “हात लावू नकोस. दिवा नेहमीसारखा, पाणी नेहमीसारखं. बघत राहा.” दुसऱ्या दिवशी मधली पट्टी दोरीएवढी उरली. तिसऱ्या दिवशी तिथे दोन समुद्रफुलं होती, दोन्ही फाटक्या कडांची, सुरकुतलेली. आठवड्याभरात कडा मिटल्या. महिन्याने दोघांना आपापलं तोंड, आपापला घेर. मूळ कुठलं आणि नवं कुठलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दोन्ही तेच.

डोंबिवलीचा एक मुलगा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला, वर्षभर मला आपल्या टँकचे आकडे पाठवत होता. या दसऱ्याला तो झाकणाची बादली घेऊन आला. दोघांतल्या एकाने पाय धरला होता तो एक सुटा दगड होता, म्हणून ओढावं लागलं नाही, दगडासकट दिलं. दारात त्याने विचारलं, “ताई, हे किती वर्षं जगेल?”

मी त्याला एडिंबरातल्या बरणीची गोष्ट सांगितली. माझ्या आज्यापासून सगळं सांगायला वेळ नव्हता, त्याची गाडी होती. जाताना त्याच्या हातात निळा मार्कर दिला.

चौथ्या दिवशी रात्री त्याचा फोटो आला. समुद्रफूल दगडावरून उतरून शेजारच्या कपारीत गेलं होतं. खाली एक ओळ: “ताई, त्याने पाय धरला.” मी फोटो मोठा करून बघितला. काचेच्या उजव्या कोपऱ्यात निळी रेघ होती आणि पाणी तिला टेकलेलं होतं.